भुतांचे पत्ते

मराठी भूत पत्त्याचे मोठे पक्के असते. मुंजा पिंपळावर राहतो, गिऱ्हा पाण्यात असतो, वेताळाचा दगड गावाच्या वेशीजवळ, आणि समंध तर पुरलेल्या धनावर किंवा सोडवत नसलेल्या वाड्यावर पहारा करीत बसतो. आमची भुते वाटेल तेथे भटकत नाहीत. त्यांचा कोणत्या तरी जागेशी हिशेब राहून गेलेला असतो.

या हिशेबाच्या नोंदी कोणी केल्या, हे सांगताना माझ्यासारख्या शिक्षकाची मान थोडी ताठ होते. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी प्रश्नावल्या पाठवून गावोगावच्या शाळामास्तरांकडून लोकसमजुती गोळा करविल्या होत्या. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांच्या गोळीने जॅक्सन मारले गेले. पुढे एन्थोव्हेन यांनी ते साहित्य संपादून कोकणचा भाग १९१५ साली छापला. त्यात माहितीखाली ‘शाळामास्तर, अमुक गाव’ एवढीच सही आढळते. गंमत अशी, की त्याच १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हा भूत आणि दिवाळी अंक यांची गाठ पडणे हा ग्रहयोगच म्हणायचा! फराळाच्या ताटाशेजारी भयकथा ठेवण्याची आपली आवड काही आजकालची नव्हे.

पण गावे सुटली, माणूस चाळीत आला, पुढे ब्लॉकमध्ये आला. तेथे ना पिंपळ, ना वेस, ना विहीर. मग भुताने राहावे कोठे? या प्रश्नाचे माझ्या मते सर्वांत चांगले उत्तर नारायण धारप (१९२५-२००८) यांनी दिले. दहावीनंतर मी कॉलेजचे तोंड पाहिले नाही. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या कपाटांतून झाले, आणि त्या कपाटांतला एक खण धारपांचा होता. तेव्हा मी काही तटस्थ समीक्षक नव्हे, चाहता आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

धारपांनी भुताला नवा पत्ता दिला. ‘४४० चंदनवाडी’ हे कादंबरीचे नावच पाहा. पोस्टमनने पाकीट टाकून जावे असे ते साधे नाव आहे, आणि त्या साधेपणानेच अंगावर काटा येतो. त्यांच्या कितीतरी कथांत एखादा सरळमार्गी, पगारावर जगणारा माणूस वारशाने आलेल्या किंवा स्वस्तात मिळालेल्या घरात राहायला जातो. घर हवेशीर असते, भाडे परवडते. फक्त आधी तेथे काय घडले, एवढेच त्याने विचारलेले नसते. भय तेथून सुरू होते.

आता टीकाकार म्हणतात, की धारपांनी इंग्रजीतून उचलले. ‘लुचाई’मागे स्टीफन किंग यांची १९७५ सालची ‘सालेम्स लॉट’ आहे आणि ‘शपथ’मागे त्यांचीच ‘इट’, हे खरेच आहे. माझे म्हणणे एवढेच, की कथानक उचलता येते, भीती उचलता येत नाही. क्रूसाने आणि लसणीने तिकडचे पिशाच पळत असेल. आपण तर लसूण रोज फोडणीत घालतो! परक्या भयाला मराठी घरात आणायचे तर देवघर, शेजार, घरातली वडील माणसे यांच्यातून वाट काढावी लागते. ती वाट धारपांना ठाऊक होती. म्हणूनच त्यांच्या ‘आजी’ या कथेचा धागा घेऊन २०१८ साली ‘तुंबाड’ हा चित्रपट निघाला, तेव्हा धारपांचे पुस्तक कधी हाती न धरलेली मुलेही खुर्चीत आखडून बसली.

रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) हे दुसरे मोठे नाव. ‘खेकडा’, ‘गहिरे पाणी’ यांचा मी भक्तच आहे. मतकरींचे भय माणसाच्या मनातून वर येते. कथा संपते तेव्हा कोडे उरते आणि रात्री तेच छळते. धारपांचे भय जागेतून येते, आणि त्यांच्या समर्थांसारखा जाणता पुरुष बहुधा त्याचा निकाल लावून जातो. कलेच्या दृष्टीने मतकरी सरस ठरतील. परंतु मला वारंवार धारपांकडे जावेसे वाटते, आणि त्याचे कारण मी राहतो त्या गावात आहे.

आमचे सीबीडी बेलापूर हे नवे शहर. नावातच इंग्रजी आद्याक्षरे आणि जुने गाव शेजारी नांदतात. १९७० साली सिडको स्थापन झाली; ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या मुंबईसाठी योजली गेली. भातखाचरे, मिठागरे, खाडीकाठ यांवर सेक्टर उभे राहिले. त्याच्याही आधी सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज असे किल्ल्याचे धनी बदलत गेले. किल्ल्यापासून घारापुरीपर्यंत भुयार आहे, अशी दंतकथा अजून सांगतात. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, तेव्हा जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातील गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले.

माझ्या वर्गात साताऱ्याची, विदर्भाची, केरळची मुले आहेत, आणि ज्यांच्या पणज्याचे शेत कोठे होते ते घरात अजून बोट दाखवून सांगतात, अशी आगरी-कोळी मुलेही आहेत. पहिली मुले पत्ता सांगतात तो सेक्टर आणि प्लॉट नंबरचा. दुसऱ्यांच्या घरी त्याच जागेला खाचराचे नाव असते. दोन्ही पत्ते खरे आहेत. ‘मुलांना भुताच्या गोष्टी कशाला?’ असे पालक विचारतात. मी त्यांना सांगतो, की नव्या घरात शिरणाऱ्याने आधी येथे कोण होते ते विचारावे, एवढी एक रीत धारपांच्या पानापानांतून शिकता येते. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात ती इतक्या रंजकपणे सापडत नाही.

असो. दिवाळीच्या सुट्टीत एखादे धारप वाचनालयातून जरूर आणावे, पण रात्री एकट्याने वाचू नये. मोठ्याने वाचावे, घरातल्या सर्वांना जवळ बसवून. आणि वाचून झाले, की आपली इमारत उभी राहण्यापूर्वी या जागेला काय म्हणत, ते शेजारच्या जुन्या गावात जाऊन विचारून यावे. सांगणारी माणसे अजून आहेत.