अँटासिड (आम्लशामक औषधे)

अँटासिड : जठरात आधीच तयार झालेले आम्ल उदासीन करणारी, सौम्य आम्लारींची औषधे. बोलीत त्यांना ‘पित्ताची गोळी’ म्हणतात. हे नाव दिशाभूल करणारे आहे. पित्त यकृतात तयार होते आणि ते जठररसासारखे आंबट नसते. छातीत जळजळते ते जठरातले हायड्रोक्लोरिक आम्ल वर अन्ननलिकेत आल्यामुळे. जठरातले आम्ल हेच, हे विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने १८२४ मध्ये प्रसिद्ध केले.

प्रयोगशाळेत माती तपासतानाही हेच आम्ल पातळ करून वापरतात. इंदापूर तालुक्यातील अंथुर्णे हे नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातले, उसाचे गाव. या भागात काळी जमीन नांगरताना चुनखडीचे पांढरे खडे वर येतात. त्यातल्या एकावर आम्लाचे दोन थेंब टाकले की ते फसफसतात, खड्याला खळगा पडतो आणि थोड्या वेळाने फेस थांबतो. आम्ल तेवढ्यात संपलेले असते; मागे कॅल्शियम क्लोराइड आणि पाणी उरते, कार्बन डायऑक्साइड उडून जातो. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी पोटात नेमके हेच करते. शंखही मूळचा याच द्रव्याचा. आयुर्वेदात शंखभस्म आम्लपित्तावर देतात.

खायचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, पाण्यात चटकन विरघळतो म्हणून आराम लवकर पडतो. मात्र १ ग्रॅम सोड्यातून सुमारे ३०० मिलिलिटर वायू सुटतो. ढेकर येतो तो त्याचाच. शिवाय तेवढ्या सोड्यात पाव ग्रॅमहून अधिक सोडियम असते आणि ते रक्तात शोषले जाते. सोडियम साठले की जमीन चोपण होते, हे कालव्याखालच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. माती परीक्षणाच्या अहवालात तो सामूबरोबर सोडियमही पाहतो. औषधाकडेही असेच पाहायला हवे. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने रोज सोडा घेणे धोक्याचे आहे. ईनोच्या पुडीवर ‘स्वर्जिकाक्षार’ लिहिलेले असते, तो हाच सोडा; सोबतच्या निंबुकाम्लामुळे त्याचा बराचसा फेस पेल्यातच होऊन जातो.

जेलुसिल, डायजिन यांसारख्या औषधांत मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आणि ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड एकत्र असतात. पहिल्याने जुलाब होतात, दुसऱ्याने मलावरोध. जोडी लावण्याचे मोठे कारण हे. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड पाण्यात जेमतेम विरघळते, म्हणून ते तोंड पोळत नाही. आम्ल जसजसे संपते तसतसे ते थोडेथोडे विरघळत राहते. त्याच्या दुधासारख्या पाण्यात हळदीचा कागद बुडवला तर तो लाल होतो आणि वर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड सावकाश काम करते आणि अन्नातील फॉस्फेटही बांधून ठेवते. ही दोन्ही द्रव्ये वायू सोडत नाहीत. सोबतचे सिमेथिकोन आम्लाला हात लावत नाही, ते फक्त पोटातल्या वायूचे बुडबुडे फोडते.

१ ग्रॅम सोडा ०.४३ ग्रॅम हायड्रोक्लोरिक आम्ल संपवतो. कॅल्शियम कार्बोनेट ०.७३, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड १.२५ आणि ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड १.४० ग्रॅम. हे आकडे कागदावरच्या हिशेबाचे आहेत. औषध जठरात किती वेळ टिकते यावर प्रत्यक्ष काम ठरते. रिकाम्या पोटी ते लवकर पुढे सरकते, जेवणानंतर घेतले तर जास्त वेळ राहते. जठराचा सामू ७ वर नेण्याची गरजही नसते. तो १.५ वरून ३.५ झाला तरी आम्लाची तीव्रता शंभरपट उतरते.

ओमेप्राझोल हे अँटासिड नव्हे. ते आम्ल तयार होणेच कमी करते, म्हणून त्याचा गुण उशिरा येतो आणि जास्त वेळ टिकतो.

कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम हे धातू टेट्रासायक्लिन व सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांना धरून ठेवतात आणि ती रक्तात पुरेशी पोहोचत नाहीत. लोहाच्या गोळीचेही नुकसान होते, कारण लोह विरघळायला आम्ल लागते. गरोदर बाईला अनेकदा जळजळ आणि रक्तक्षय दोन्ही असतात, त्यामुळे दोन्ही गोळ्या एकाच घोटाबरोबर पोटात जाण्याची शक्यता तिच्याच बाबतीत सर्वांत जास्त. दोहोंत निदान दोन तासांचे अंतर ठेवावे.