उन्हातील चढण आणि पाण्याचा घोट

पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे या तीन गोष्टी एकापाठोपाठ एक, मध्ये विसावा न घेता करावयाच्या, अशा शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. तिच्या निरनिराळ्या प्रकारांपैकी अर्ध्या अंतराची म्हणून जी ओळखली जाते, तीत १.९ किलोमीटर पोहावे लागते, ९० किलोमीटर सायकल चालवावी लागते आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावावे लागते. हा क्रम शहाणपणाचा आहे. दमलेल्या माणसाला शेवटी खोल पाण्यात उतरविण्याचे धाडस कोण करील? परंतु त्याचा परिणाम असा होतो की, सकाळच्या गारव्यात सुरू झालेली शर्यत धावण्यापाशी येते, तेव्हा सूर्य माथ्यावर आलेला असतो. त्यातून ऋतू उन्हाचा आणि मुलूख डोंगराळ असला, म्हणजे पुढचे दोन-तीन तास कसे जात असतील याची कल्पना ज्याने चैत्रातल्या दुपारी एखादा घाट पायी चढला असेल त्यालाच करता येईल.

अशा शर्यतीत स्नायूंची कसोटी लागते असे आपण समजतो. ते खोटे नाही; पण त्याहून मोठी कसोटी लागते ती शरीरात साचणारी उष्णता बाहेर टाकण्याची. ही कसोटी कशी उतरावी याचे जे ज्ञान आज प्रत्येक हौशी स्पर्धकाच्या हाताशी आहे, ते बहुतांशी खेळाडूंनी मिळविलेले नाही. ते कोठून आले आणि त्याचे मोल कोणी दिले, ती हकीकत मला येथे सांगावयाची आहे.

उष्ण आणि डोंगराळ अशा अर्ध्या अंतराच्या शर्यतींत कॅलिफोर्नियातील 'वाइल्डफ्लॉवर' शर्यतीचे नाव फार वरचे. टेरी डेव्हिस या गृहस्थाने १९८३ साली सान अँटोनिओ जलाशयाच्या काठी ती सुरू केली. मे महिन्याच्या आरंभी तंबू ठोकून लोक तेथे राहात, गाणी-बजावणी चाले, जत्रेचेच स्वरूप म्हणा ना. मार्ग मात्र जत्रेतल्यासारखा नव्हता. पाण्यातून बाहेर पडून थोडे अंतर गेले नाही तोच 'बीच हिल' नावाची खडी चढण समोर उभी राही आणि सायकलीचे दोन-तृतीयांश अंतर संपत आले असता 'नॅस्टी ग्रेड' येई. या नावाचा अर्थ 'नकोशी चढण' असा करावयास हरकत नाही, आणि स्पर्धकांच्या मते तोही सौम्यच ठरेल.

उन्हात चढण एवढी घातक का, हे समजून घेण्यासारखे आहे. आपण खातो त्या अन्नाच्या शक्तीपैकी जेमतेम चौथा हिस्सा प्रत्यक्ष गतीच्या कामी येतो. बाकीची उष्णता होते. ती घालविण्याचा मुख्य मार्ग घाम. पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम अंगावरच वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ठिबकून जमिनीवर पडला, तर काहीच नेत नाही. सपाटीवर सायकलस्वाराला त्याच्याच वेगाने वारा मिळतो. चढणीवर वेग पडतो, वारा थांबतो, आणि नेमके त्याच वेळी श्रम सर्वांत अधिक होत असतात. म्हणून जाणते स्पर्धक चढणीवर प्रतिस्पर्ध्याच्या मागे लागत नाहीत. आपली नाडी सांभाळून चढतात आणि उतारावर वारा खाऊन घेतात.

या साध्या गोष्टी न कळण्याचा काळ फार जुना नाही. १९०४ सालच्या ऑगस्टच्या ३० तारखेस अमेरिकेतील सेंट लुइस येथे ऑलिंपिकची मॅरेथॉन झाली. पारा ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास होता, वाटेत सात टेकड्या होत्या, रस्ता धुळीचा, आणि शर्यत सुरू केली ती दुपारी तीन वाजता. पुढे चालणाऱ्या मोटारींनी उडविलेली धूळ धावणाऱ्यांच्या नाकातोंडात जाई. सुमारे चाळीस किलोमीटरांच्या त्या वाटेवर पाणी मिळण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. हा निष्काळजीपणा नव्हता, हे ध्यानी घ्यावयास हवे. स्पर्धेचे सूत्रधार जेम्स सलिव्हन यांना पाण्यावाचून शरीर कसे वागते ते पाहावयाचे होते, असे सांगतात. आणि धावणाऱ्याने पाणी पिऊ नये हे मत त्या काळी पुष्कळांचे होते. बत्तीस जण निघाले, चौदा पोहोचले. विल्यम गार्सिया नावाचा धावपटू पोटात धूळ जाऊन रक्तस्राव झाल्याने रस्त्यावर कोसळला आणि मरता मरता वाचला. विजयी ठरलेल्या टॉमस हिक्सने पाणी मागितले, तेव्हा त्याच्या सोबत्यांनी ते नाकारून त्याचे तोंड तेवढे ओल्या बोळ्याने पुसले. आणि पाण्याऐवजी अंड्याच्या बलकाभोवतालच्या पांढऱ्या भागात कालवून स्ट्रिक्नीन दिले, जे एक जहाल विष आहे. पुढे ब्रँडीही पाजली. अर्धवट भ्रमात त्याने सीमा ओलांडली.

त्या चौदा जणांत दक्षिण आफ्रिकेतील दोघे होते, लेन टाउ आणि यान मशियानी. सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात बोअर युद्धाचा जो देखावा उभारला होता, त्यासाठी ते तेथे आले होते. टाउला वाटेत कुत्र्याने पिटाळून लावले, तरी तो नववा आला, मशियानी बारावा. दप्तरात त्यांची नावेदेखील धड लिहिली गेली नाहीत. आफ्रिका खंडातून आलेले पहिले कृष्णवर्णीय ऑलिंपिक खेळाडू म्हणून आज त्यांचा उल्लेख होतो. त्यांच्या मायदेशाकडेच आपल्याला आता वळावयाचे आहे.

विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणी जसजशा खोल गेल्या, तसतसा तेथील खडक तापत गेला. खडकाच्या बारीक धुळीने फुप्फुसे निकामी होत, म्हणून खाणीत पाणी फवारीत. त्यामुळे धूळ बसे, पण हवा दमट होऊन घाम वाळेनासा होई. एका रोगावरचा उतारा दुसऱ्याचे कारण झाला. १९२४ मध्ये तेथे उष्माघाताचे पहिले मृत्यू नोंदले गेले. मरणारे बहुतेक दूरदूरच्या खेड्यांतून आणलेले आफ्रिकी मजूर होते, आणि ते मरत ते कामाच्या पहिल्या काही दिवसांतच. ए. ओ. ड्रेओस्ती या डॉक्टरांनी १९३० नंतरच्या वर्षांत नव्या मजुरांना तापविलेल्या दमट खोलीत तासभर दगड उपसावयास लावून त्यांच्या शरीराचे तापमान मोजण्यास सुरुवात केली. ज्याचे तापमान झपाट्याने चढे, त्याला हळूहळू, दिवसामागून दिवस श्रम वाढवीत सरावून मगच खाली धाडीत. पुढे सिरिल विंडम आणि त्यांचे सहकारी यांनी ही पद्धत शास्त्रशुद्ध केली. तापलेल्या दालनात मजूर रांगेने ठोकळ्यावर चढत आणि उतरत. यात दयाबुद्धी किती आणि सोन्याच्या उत्पादनाची काळजी किती, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. मला दुसरे पारडे जड वाटते.

पण त्या दालनांत जे आढळले ते पक्के होते. रोज तासाभराहून अधिक काळ उष्म्यात श्रम केले, तर आठ ते चौदा दिवसांत शरीर बदलते. रक्तातील पातळ भाग वाढतो, त्यामुळे त्याच श्रमाला नाडी कमी चालते; घाम लवकर सुटतो, अधिक सुटतो आणि त्यातील मीठ कमी होते. हा लाभ टिकाऊ नसतो. थंडाव्यात परतले की काही आठवड्यांत तो ओसरतो. आज थंड हवेच्या गावचा स्पर्धक शर्यतीपूर्वी दोन आठवडे भर दुपारी सायकल काढतो, किंवा घरात पंखा बंद करून गरम कपडे अंगावर चढवून जागच्या जागी पायडल मारतो, तेव्हा तो विटवॉटर्सरँडच्या मजुरांचाच क्रम गिरवीत असतो. बहुतेकांना ते ठाऊक नसते.

पाण्याची गोष्ट याहून वळणावळणाची आहे. १९६० नंतरच्या दशकातही आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनच्या नियमांनी पहिल्या ११ किलोमीटरांत काही पिण्यास मज्जाव होता. १९६९ मध्ये विंडम आणि स्ट्रायडम यांनी धावपटूंची वजने आणि तापमाने मोजून अपुरे पाणी पिण्याचा धोका दाखविला, आणि मत बदलू लागले. तरी व्यवस्था सुधारावयास वेळ लागला. १९७८ साली हवाईच्या ओआहू बेटावर पूर्ण अंतराची पहिली 'आयर्नमॅन' ट्रायथलॉन झाली. १५ जण उतरले, १२ जणांनी पुरी केली. प्रत्येकाने आपले मदतनीस आपण आणावयाचे होते. जॉन डनबार याच्या मंडळींजवळचे पाणी संपले, तेव्हा त्यांनी त्याला बिअर दिली! तो दुसरा आला.

यानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. तहान लागण्यापूर्वीच प्या, जेवढे पिता येईल तेवढे प्या, असा उपदेश सुरू झाला आणि पेये विकणाऱ्यांनी तो उचलून धरला. दक्षिण आफ्रिकेतील 'कॉम्रेड्स' या सुमारे ९० किलोमीटरांच्या शर्यतीत १९८१ साली एक धावणारी स्त्री बेशुद्ध पडली, ती पाणी कमी प्यायल्याने नव्हे, तर फार प्यायल्याने. रक्तातील सोडियम पातळ होऊन मेंदूला सूज येते, हे टिमोथी नोक्स यांनी अशी आणखी उदाहरणे जमवून १९८५ मध्ये मांडले. १९९७ साली न्यूझीलंडच्या पूर्ण अंतराच्या ट्रायथलॉनमध्ये रक्त तपासलेल्या स्पर्धकांपैकी १८ टक्क्यांत हा दोष सापडला. पुढच्या वर्षी तेथे पाण्याची ठाणी वाढविली नाहीत, उलट एकमेकांपासून लांब नेली आणि जपून पिण्यास सांगितले. अत्यवस्थ रुग्णांची संख्या घटली. तरीही २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये याच कारणाने एक तरुणी दगावली. त्या शर्यतीत तपासलेल्या ४८८ जणांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी होते. शंभर वर्षांपूर्वी घोटभर पाणी नाकारणारे आणि आता बळेच पाजणारे, दोघांनाही आपण शास्त्राला धरूनच चाललो आहोत असे वाटत होते.

आपल्याकडे उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या ठेवीत, आणि घटाघटा पिऊ नको म्हणून वडीलधारी माणसे बजावीत. त्यांनी सोडियमचा विचार केला होता असे मी म्हणणार नाही. पण आजचा नियम त्यापासून फार दूर नाही. तहानेनुसार प्यावे, आणि शर्यत संपताना वजन सुरुवातीपेक्षा वाढलेले नसावे.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यात, पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर, 'आयर्नमॅन' संघटनेची अर्ध्या अंतराची पहिली भारतीय शर्यत झाली. तेथली हवा कॅलिफोर्नियासारखी कोरडी नाही. कोरड्या मुलखात घाम नकळत उडून जातो आणि शरीर किती सुकले ते कळत नाही. किनाऱ्यावर तो अंगावरून ओघळतो आणि गारवा मात्र देत नाही. म्हणून येथे प्यायच्या पाण्याइतकेच डोक्यावर ओतायच्या पाण्याला आणि टोपीत धरलेल्या बर्फाला महत्त्व.

वाइल्डफ्लॉवरची हकीकत तेवढी सांगावयाची राहिली. सान अँटोनिओ हा जलाशय नदीवर धरण बांधून १९६५ साली झालेला. २०१४ च्या सुमारास कॅलिफोर्नियात मोठा दुष्काळ पडला, पाणी मागे मागे हटत गेले. पोहण्याची जागा हलवावी लागली. स्पर्धक पाण्यातून निघून कोरड्या पात्रातून धावत सायकलीकडे येऊ लागले. २०१७ साली शर्यत झालीच नाही. २०१८ मध्ये लोक पुन्हा काठावर तंबू ठोकून जमले, आणि बीच हिल चढू लागले.