'मच्चा', 'मगा' आणि 'लेका' : मैत्रीतील संबोधने व नातेव्यवस्था

बेंगळुरूमधील तरुण मित्र परस्परांना 'मच्चा' किंवा 'मगा' अशी हाक मारतात. कोल्हापूर-सांगलीकडे तीच जागा 'भावा', 'लेका', 'गड्या' हे शब्द घेतात. अशी संबोधने उनाड बोलीत जमा केली जातात आणि कोशकारांच्या नजरेतून बहुधा निसटतात. वस्तुतः त्यांपैकी बरीचशी मूळची नातेवाचक आहेत. कोणते नाते मैत्रीच्या हाकेसाठी निवडले जाते आणि कोणते शिवी ठरते, हे त्या त्या प्रदेशाच्या विवाहपद्धतीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

'मच्चा' हे तमिळ 'मच्चान्' या शब्दाचे बेंगळुरी रूप. 1809 मध्ये येथे ब्रिटिशांची लष्करी छावणी वसली आणि तिच्या आश्रयाने तमिळभाषकांची मोठी वस्ती उभी राहिली. जुने शहर आणि छावणी यांचे नगरप्रशासन 1949 पर्यंत वेगळे होते. तरीही शब्दांची ये-जा थांबणे शक्य नव्हते. तमिळमध्ये 'मच्चान्' म्हणजे मामेभाऊ, आतेभाऊ आणि मेहुणाही. ही तिन्ही नाती एका शब्दात सामावतात, कारण मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी विवाह हा तेथे शिष्टसंमत आहे. बौधायनाने आपल्या धर्मसूत्रात या विवाहाची नोंद दक्षिणेकडील आचार म्हणून केली आहे, आणि 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानेही रूढीचा अपवाद मान्य करून त्याला वाट मोकळी ठेवली.

या शब्दाच्या व्युत्पत्तीत मराठी अभ्यासकाला विशेष रस वाटावा. 'मच्चान्'चे ग्रांथिक भावंड 'मैत्तुनन्' होय. तमिळ बोलीत 'वैत्तु'चे 'वच्चु' होते. त्याच ध्वनिनियमाने 'मैत्तुनन्'पासून 'मच्चुनन्', 'मच्चान्' ही रूपे आली असावीत. 'मैत्तुनन्' आणि कन्नड 'मैदुन' यांचा संबंध संस्कृत 'मैथुन' या शब्दाशी जोडला जातो. आपला 'मेहुणा'ही तेथूनच, प्राकृतातून आला आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राने देशीनाममालेत 'मेहुणिआ'चे दोन अर्थ दिले आहेत : पत्नीची बहीण आणि मामाची मुलगी. म्हणजे 'मच्चा' आणि 'मेहुणा' हे बहुधा एकाच कुळातील शब्द आहेत. मग एक मित्राची हाक झाला आणि दुसरा होऊ शकला नाही, असे का?

इरावती कर्वे यांच्या 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' (1953) या ग्रंथात या प्रश्नाच्या उत्तराची दिशा सापडते. उत्तरेत मुलगी देणारे घर कनिष्ठ आणि घेणारे श्रेष्ठ मानले जाते. म्हणून पत्नीच्या भावाचे नाते सांगणारा 'साला' हा शब्द शिवी झाला. 'तुझी बहीण माझ्या घरी आहे' हा त्याचा गर्भितार्थ. द्राविड पद्धतीत आज मुलगी देणारे घर उद्या मुलगी घेते. श्रेष्ठत्व एका बाजूला साचत नाही आणि मेहुणा हा लहानपणापासूनचा बरोबरीचा सवंगडी असतो. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये आहे. येथे अनेक जातींत मामाची मुलगी चालते, परंतु आत्याची मुलगी करणे बहुधा वर्ज्य मानतात. त्यामुळे देण्याघेण्याची दिशा एकच राहते. मराठीत पत्नीचा भाऊ आणि बहिणीचा नवरा हे दोघेही 'मेहुणे' असले, तरी प्रत्यक्ष हाक मारताना बहिणीचा नवरा 'दाजी' किंवा 'भाऊजी' होतो आणि पत्नीच्या धाकट्या भावाला नुसत्या नावाने बोलावले जाते. शब्दातली समानता व्यवहारात टिकलेली नाही. म्हणूनच मराठी मैत्रीने सोयरिकीऐवजी भाऊबंदकीतला 'भावा' जवळ केला असावा.

'मगा' आणि 'लेका' यांची गोष्ट वेगळी आहे. कन्नड 'मग' म्हणजे मुलगा. मराठी 'लेक'ही तोच. बरोबरीच्या माणसाला मुलगा म्हणणे म्हणजे स्वतःकडे बापपण घेणे. ही मूलतः कुरघोडीच आहे. 'लेकाच्या' या रूपात ती अधिक उघडी पडते. मात्र समोरचाही तीच हाक परत देतो तेव्हा दोन्ही कुरघोड्या फिटतात आणि सलगी शिल्लक राहते. रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी 1940 मध्ये थट्टेच्या नात्यांविषयी मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो : ज्यात राग मानायचा नसतो, असा परवानगीचा अनादर. ही परतफेड ज्याला करता येत नाही, त्या नोकराला किंवा परक्याला म्हटलेला 'लेका' अपमानच ठरतो.

बेंगळुरूत आज 'मच्चा' म्हणणाऱ्यांत असे अनेक आहेत, ज्यांच्या घरी मामाच्या मुलीशी विवाह कधीच झाला नाही. मुलीही मैत्रिणींना ही हाक देतात. नाते गळाले, बरोबरी तेवढी उरली. 'मगा' आपला आणि 'मच्चा' परका, असा भाषिक अभिमानाचा वाद या शहरात ऐकू येतो. पण मैदुन, मच्चान् आणि मेहुणा यांची सोयरीक पाहता अशी सरहद्द आखणे अवघड आहे.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न अनुवादात रोज भेटतो. तमिळ वा कन्नड कथेतला 'मच्चा' मराठीत 'मित्रा' केला तर सलगी जाते, 'साल्या' केला तर बरोबरी जाते, 'भावा' केला तर सोयरिकीतली थट्टा जाते. कोणता तोटा पत्करायचा हे प्रत्येक संवादाच्या जागी ठरवावे लागेल. मात्र तो निर्णय घेण्यापूर्वी या दोन अक्षरांमागे एक विवाहव्यवस्था उभी आहे, याचे भान अनुवादकाला असावयास हवे.