५८ दिवसांची वाट, १६ तासांची वाट

गावातलं कुणी परदेशी गेलं, की आपण सहज म्हणतो, "काल निघाला, आज पोचला." आज आपण अमेरिकेच्या वाटेचा इतिहास पाहू या.

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर आहे सुमारे १२,५०० किलोमीटर. शाळेतल्या पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा वर उत्तरेकडे सरकतो. सपाट नकाशावर वाकडी दिसणारी हीच वाट सगळ्यांत जवळची. विमानाला जायला सुमारे १६ तास लागतात, परतताना थोडे कमी. कारण खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना तो तोंडावर येतो, येताना पाठीवर.

आता १८८३ साल आठवा. विमान नव्हतंच. त्या वर्षी ७ एप्रिलला आनंदीबाई जोशी कोलकात्याहून बोटीनं निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. ५८ दिवस! वय अवघं १८. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असं मानणारा तो काळ. घरच्या माणसाचं पत्र यायलाही कित्येक आठवडे लागत.

मग त्या गेल्या कशाला? १४व्या वर्षी त्यांना मूल झालं, ते दहा दिवसांतच दगावलं. बायका आपलं दुखणं पुरुष डॉक्टरला सांगत नाहीत, म्हणून बाईच डॉक्टर हवी, हे त्यांनी निघण्याआधी श्रीरामपूरच्या भर सभेत सांगितलं होतं. हे श्रीरामपूर आपलं नव्हे, बंगालमधलं. मार्च १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात त्यांची नेमणूकही झाली. पण त्या परतल्या त्या क्षयानं खंगूनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

पुढे १९६० मध्ये एअर इंडियाचं जेट विमान लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागलं. २००७ मध्ये एअर इंडियाचं मुंबईहून कुठेही न उतरता थेट विमान सुरू झालं.

मैत्रिणींनो, पृथ्वी काही लहान झाली नाही. किलोमीटर तेवढेच आहेत, कमी झाले ते तास. म्हणून आम्हा गटातल्या बायकांना वाटतं, अंतर तासांत मोजायला आपणही शिकावं. रात्री दोन वाजता एखादीला कळा सुरू झाल्या, तर आपल्या वस्तीवरून प्रसूतीच्या दवाखान्यात पोचायला किती वेळ लागतो? पावसाळ्यात किती? गाडी कुणाची, फोन कुणाला करायचा?

येत्या बैठकीत हे विचारा आणि उत्तर गटाच्या वहीत लिहून ठेवा. आनंदीबाई ज्या कामासाठी एवढ्या लांब गेल्या, ते काम आपल्या वस्तीवर अजून बाकी आहे की नाही, ते त्या वहीतून कळेल.