वरची केस, खालची केस

माझे वडील, अण्णा, जुळारी होते. सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात दिवसभर उभ्याने खिळे जुळवायचे. मराठी मजकूर असला की काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं यांच्या खणांवरून हात चहूकडे फिरे. इंग्रजी काम आलं की दोनच केस पुढ्यात यायच्या: वरच्या बाजूला कॅपिटल, हाताशी खाली स्मॉल. अपरकेस आणि लोअरकेस हे शब्द त्या लाकडी केसचेच. पाचवीत आम्हाला पहिली लिपी, दुसरी लिपी शिकवली, तेव्हा मला वाटलं होतं, वरच्या केसमध्ये राहते म्हणून ती पहिली.

अक्षरांची ही जोडी छापखान्याहून जुनी. रोमन शिलालेखांत सगळी अक्षरं मोठीच. लहान अक्षरांचं सुबक वळण आठव्या शतकाच्या अखेरीस शार्लमेनच्या राज्यात बसलं. जोडी जुनी असली तरी यंत्रांना ती नेहमी जड गेली. रेमिंग्टनचा पहिला टाइपरायटर फक्त कॅपिटल उमटवायचा. 1878 च्या दुसऱ्या मॉडेलात प्रत्येक दांडीवर दोन्ही अक्षरं आली, आणि त्यांच्यात निवड करायला शिफ्टची कळ.

संगणकाने तोच धडा पुन्हा गिरवला. अक्षरांना आकडे नेमून देणाऱ्या 1963 च्या आस्की तक्त्यात स्मॉल अक्षरं नव्हती, ती 1967 मध्ये आली. पण बसवली मोठ्या हिशेबाने. मोठा ए 65 वर, छोटा ए 97 वर; अशा प्रत्येक जोडीत अंतर बरोबर 32. म्हणजे एक बिट उलटलं की अक्षर या केसमधून त्या केसमध्ये. अण्णांचा हात जिथे वर जायचा, तिथे आता एका एकाचं शून्य होतं.

तरी टेलिटाइप 33 सारखी यंत्रं कॅपिटलच छापत राहिली. युनिक्स या संगणकप्रणालीवर कुणी आपलं नाव कॅपिटलमध्ये देऊन आत शिरला, तर यंत्रणा समजून जाई की समोरच्या यंत्राला स्मॉल येत नाही. मग खरंखुरं कॅपिटल हवं असेल तर अक्षराआधी उलटी तिरकी रेघ द्यायची. 1976 च्या सुमारास बर्कलीत बिल जॉयने व्हीआय हा एडिटर लिहिला. त्यात ~ दाबलं की कर्सरखालचं अक्षर केस बदलतं. शोधून बदलण्याच्या आज्ञेत उलटी तिरकी रेघ आणि छोटा यू लिहिला, तर पुढचं एक अक्षर मोठं. यू मोठा लिहिला, तर पुढची सगळीच. एल लिहिला की याच्या उलट. 1991 मध्ये ब्राम मोलेनारने व्हीआयच्याच धर्तीवर व्हिम आणला, त्यानेही या खुणा ठेवल्या. पुढे त्याच्या स्क्रिप्टमध्ये 'टूअपर' आणि 'टूलोअर' ही फंक्शनं आली. 'टूअपर'ला मी एकदा 'पुणे' देऊन पाहिलं. 'पुणे'च परत आलं. आपल्या लिपीला ही भानगडच नाही.

मी डीटीपीत आले ती अण्णा निवृत्त झाल्यावर. एकदा गोव्यातल्या एका शाळेच्या स्मरणिकेचं काम आलं. माजी विद्यार्थ्यांची नावं-पत्ते, शेकडो ओळी, सगळ्या कॅपिटलमध्ये. व्हिममध्ये एका ओळीची आज्ञा लिहिली: प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, बाकीची लहान. क्षणात यादी माणसात आली. डी, मग अपॉस्ट्रॉफी, मग सोझा, अशा डिसोझांचा एससुद्धा अचूक मोठा झालेला. व्हिमच्या लेखी अपॉस्ट्रॉफीनंतर नवा शब्द सुरू होतो, त्याचा हा फायदा. मी खूश होऊन प्रूफ घरी घेऊन गेले.

अण्णांनी चष्मा पुसला आणि पत्त्यांवरून बोट फिरवलं. 'सेंट जोसेफ्स' या शाळेपाशी ते थांबलं. जोसेफ, अपॉस्ट्रॉफी, आणि शेवटी ऐटीत उभा मोठा एस. डिसोझाला तारणाऱ्या नियमानेच इथे दगा दिला होता.

"अगं, हा एस वरच्या केसमधून कुणी काढला?"

"कॉम्प्युटरने, अण्णा."

"त्याला हात कुठे वर न्यावा लागतो?" ते म्हणाले. "आम्हाला लागायचा. तेवढ्यात कॉपी परत बघून व्हायची."

मी दुसऱ्या दिवशी अपॉस्ट्रॉफी शोधायची आज्ञा दिली, पण बदलायची दिली नाही. एकेका ठिकाणी थांबले, वाचलं, आणि लागेल तिथे ~ दाबलं.