छेदलेले विमान

गोकाकचा लाकडी आंबा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना प्रतिकृतीच्या कलेची मर्यादा निराळी सांगावयास नको. देठापासून टोकापर्यंत रंगाची छटा बिनचूक उतरलेली असते. पण तो आंबा चिरला, तर आत केवळ लाकूडच निघावयाचे. यात कारागिराचे काही उणे नाही. बाह्य रूप साधावे एवढाच त्याचा संकल्प असतो, आणि तो तडीस गेलेला असतो. परंतु कारागिरांच्या एका पंथाने याहून अवघड व्रत घेतले. वस्तू लहान करावयाची, तिची एक कूस कापून उघडी ठेवावयाची, आणि आत जे दिसेल तेही मापात व जागच्या जागी असावयाचे. लष्करी जेट विमानाची अशी छेद-प्रतिकृती तयार संचावाचून, लाकडाच्या आणि प्लॅस्टिकच्या कोऱ्या तुकड्यांतून उभी करणे, हे या व्रताचे सर्वांत कठीण रूप होय. त्यामागचा इतिहास पाहू लागलो, तर वाटेत आपल्याच सीमाभागातील एका थोर यंत्रज्ञाची गाठ पडते.

विमानाची प्रतिकृती ही विमानाहून वयाने मोठी आहे. राइट बंधूंनी १९०३ साली उड्डाण केले. त्यापूर्वी, १९०१ साली, त्यांनी वाऱ्याची एक पेटी तयार करून तीत पंखांचे सुमारे दोनशे लहान नमुने तपासले होते. पुढे जर्मनीतील गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांनी या वातबोगद्याच्या विद्येला शास्त्राची बैठक दिली. छंद म्हणून प्रतिकृती करणाऱ्यांचा काळ त्यानंतरचा. इंग्लंडात १९३२ साली ‘स्कायबर्ड्स’ नावाचे लाकडी संच निघाले. त्यांत सहा फुटांस एक इंच, म्हणजे बहात्तरास एक, हे प्रमाण धरले होते, आणि तेच जगभर रूढ झाले. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडे याच प्रमाणातील पाच लाख लाकडी विमानांची मागणी केली. आकाशातले विमान आपले की शत्रूचे, हे क्षणार्धात ओळखता यावे, हा तीमागचा हेतू. पण वातबोगद्यातील नमुना काय किंवा ही शाळकरी विमाने काय, दोन्ही आतून भरीवच. वाऱ्याला आणि टेहळणी करणाऱ्याला बाह्याकृतीपलीकडे काही नको असते.

विमानाचे अंतरंग प्रथम उलगडले ते कागदावर. ‘फ्लाइट’ आणि ‘एरोप्लेन’ या इंग्रजी नियतकालिकांसाठी मॅक्स मिलर व जेम्स क्लार्क या चित्रकारांनी विमानाचा पत्रा जागोजाग सोलून आतील फासळ्या, टाक्या आणि यंत्रे दाखविणारी रेखाचित्रे काढली. तंत्रशाळांतून खरी एंजिने कापून ठेवण्याची व कापलेल्या कडा बहुधा तांबड्या रंगाने रंगविण्याची पद्धतही होतीच. चित्र आणि शाळेतले एंजिन, या दोहोंच्या संगमातून छेद-प्रतिकृती साकार होते.

आता आपल्या प्रांताकडे वळू. गडहिंग्लज तालुक्यातील हसूरचंपू या गावी २४ ऑक्टोबर १९०८ रोजी विष्णु माधव घाटगे यांचा जन्म झाला. गटिंगेन येथे प्रांटल यांच्या हाताखाली संशोधन करून त्यांनी १९३६ साली डॉक्टरेट मिळविली. वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली, आणि घाटगे तेथे आले. स्वातंत्र्यानंतर त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या ‘एच्‌टी-२’ या शिकाऊ विमानाने ऑगस्ट १९५१ मध्ये आकाश गाठले. ‘पुष्पक’ आणि ‘कृषक’ ही त्याची धाकटी भावंडे. त्यानंतर ४ सप्टेंबर १९६४ रोजी ‘किरण’ या जेट शिकाऊ विमानाचे पहिले उड्डाण झाले. १९६५ साली घाटगे यांना पद्मश्री मिळाली. १९९१ साली ते निवर्तले.

या कामाची थोरवी कशात आहे? त्याच बंगळुरास त्या काळी परवान्यावर ‘व्हॅम्पायर’ आणि ‘नॅट’ ही परदेशी जेट विमाने बांधली जात होती. परवान्याबरोबर नकाशे येतात, मापे येतात. परंतु ते माप तेवढेच का, याची कारणे येत नाहीत. फासळी अमुक अंतरावर बसवावी हे नकाशा सांगतो. ती त्याहून लांब बसविली असती तर काय झाले असते, हे ज्याने मूळ गणित मांडले त्यालाच ठाऊक. संचातले तुकडे चिकटविणारा आणि कोऱ्या तुकड्यापासून प्रतिकृती घडविणारा यांच्यातील अंतर नेमके हेच आहे. पहिल्याचे विमानही सुबक होते. पण दुसऱ्याला पावलोपावली ‘का?’ असे विचारावे लागते, आणि उत्तर सापडल्याखेरीज त्याची पुढची फासळी बसत नाही.

मोठे अभियंतेही हाच मार्ग चोखाळतात. जर्मन अभिकल्पक कुर्ट टांक १९५६ साली बंगळुरास आले व ‘मरुत’ या लढाऊ जेट विमानाचे काम सुरू झाले. तेव्हा प्रथम पूर्ण मापाचे, विनाएंजिनाचे, दोन आसनांचे लाकडी विमान तयार करण्यात आले. १९५९ पासून डकोटा विमानाच्या मागे दोराने बांधून ते वर नेत आणि मग सोडून देत. अशी सत्तरांहून अधिक उड्डाणे झाली. खरे ‘मरुत’ उडाले ते १७ जून १९६१ रोजी. एकास एक प्रमाणाची ही प्रतिकृतीच नव्हे काय?

‘किरण’ची छेद-प्रतिकृती करावयाची झाल्यास काय करावे लागते? विमानाची लांबी सुमारे १०.६ मीटर. चोविसास एक हे प्रमाण धरले, तर प्रतिकृती साधारण ४४ सेंटिमीटरांची होते. त्रिदृश्य आराखड्यावरून धडाचे आडवे छेद काढावयाचे, प्रत्येक छेदाची पातळ चौकट कापून तिच्या मध्यभागी वजन घटविणारी भोके पाडावयाची, आणि लांबट दांड्यांनी त्या चौकटी ओवावयाच्या. गुरू आणि शिष्य शेजारी शेजारी बसतात म्हणून नाक रुंद. नाक रुंद म्हणून हवेची तोंडे दोन्ही कुशींना. तेथून वाहिन्या मागच्या ‘व्हायपर’ एंजिनाकडे. एंजिनाच्या मागे शेपटापर्यंत धुराड्याची लांब नळी. एक गोष्ट दुसरीला जन्म देते, ती अशी.

येथेच कारागिरापुढे धर्मसंकट उभे राहते. विमानाचा पत्रा एक मिलिमीटर जाड मानला, तर या प्रमाणात त्याची जाडी ०.०४ मिलिमीटर भरते. वहीचा कागदही त्याच्या दुप्पट जाड. म्हणजे कापलेली कड थोडी खोटी असणे अटळ आहे. उत्तम कारागीर ते लपवीत नाही. कड तांबडी रंगवून तो सांगतो की, हा काप माझा आहे, विमानाचा नव्हे. एक बाजू तो अखंड ठेवतो, कारण झाकलेले आणि उघडे यांची तुलना झाली तरच छेदाला अर्थ येतो.

हा सारा खटाटोप कशासाठी? ‘सूर्यकिरण’ पथकाने १९९६ ते २०११ पर्यंत बिदरहून जाऊन देशभर ज्या विमानांवर कसरती केल्या, ती ‘किरण’च होती. निवृत्त विमान चौकात चबुतऱ्यावर बसविले जाते. मुले त्याकडे पाहतात ती खालून आणि बाहेरून. आतील यंत्रे बहुधा आधीच काढून नेलेली असतात. रूप उरते, रचना जाते. आणि आपल्या माणसांनी जे स्वतः शोधून काढले, ते तर त्या रचनेतच होते.

शहापूरच्या वाचकांना हे परके वाटू नये. १९४८ पर्यंत सांगली संस्थानात असलेले हे गाव विणकरांचे. वस्त्राची उलटी बाजू पाहून वीण पारखणे त्यांना शिकवावे लागत नाही. उद्यमबागेतील ओतशाळांत लाकडी साचा करणारा सुतार धातू थंड होताना आकसणार हे जाणून साचा किंचित मोठा करतो. मापामागचे कारण त्याला कळलेले असते. सांबऱ्याची धावपट्टी १९४२ पासून आपल्या शेजारी आहे, आणि हत्तरगीला आज परदेशी विमानांचे भाग घडतात. भाग घडविणारे हात येथे आहेत. संपूर्ण विमान डोळ्यांपुढे आणणारी बुद्धीही याच मातीत एकदा उपजली होती. एखाद्या शाळेच्या कपाटात, काचेमागे, तांबड्या कडांचे एक ‘किरण’ उभे राहिले, तर ते पाहणारे मूल निदान एक प्रश्न घेऊन घरी जाईल: ही फासळी येथेच का?