गवताचे मैदान : डेटमार क्रामर आणि जपानी फुटबॉल

फुटबॉलच्या कारभारात ‘टेक्निकल डायरेक्टर’ नावाचे एक पद असते. मराठी वृत्तपत्रे त्याचे ‘तांत्रिक संचालक’ असे भाषांतर करतात. आम्हा मराठीच्या अध्यापकांना ‘तांत्रिक’ हा शब्द वाचताच आधी मंत्र-तंत्र आठवते, आणि गंमत अशी की या पदावर परदेशी माणूस नेमताना बहुतेक देशांची अपेक्षाही काहीशी तशीच असते. बाहेरून कोणी जाणता येईल, काही विधी करील, आणि चार-दोन वर्षांत आपली मुले विश्वचषकात खेळू लागतील! या अपेक्षेने आणलेले किती तरी जाणते आले आणि गेले. त्यांच्यापैकी ज्याचे काम खरोखर रुजले असे म्हणता येईल, असा एक माणूस म्हणजे जर्मनीचे डेटमार क्रामर. त्यांच्या वेळी हे पद या नावाने नव्हते. त्यांना प्रशिक्षक किंवा सल्लागार म्हणत. काम मात्र तेच होते. मात्र ‘रुजले’ म्हणजे नक्की काय झाले, कधी झाले आणि कोणाच्या हातून झाले, हे प्रश्न वाटतात तितके सरळ नाहीत. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

१९५९ साली १९६४ च्या ऑलिंपिकचे यजमानपद टोकियोला मिळाले. त्याच वर्षाच्या अखेरीस रोम ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत जपानचा फुटबॉल संघ दक्षिण कोरियाकडून पराभूत होऊन बाहेर पडला. यजमान म्हणून टोकियोत त्यांना खेळायला मिळणार होतेच, पण जगासमोर घरच्या अंगणात नाचक्की होण्याची भीती खरी होती. जपानी फुटबॉल संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष युझुरू नोझू हे व्यवसायाने डॉक्टर. त्यांनी पश्चिम जर्मनीच्या संघटनेकडे प्रशिक्षकाची मागणी केली. १९५४ चा विश्वचषक जिंकलेल्या त्या देशातून आलेला माणूस प्रत्यक्षात फारसा प्रसिद्ध नव्हता. पस्तीस वर्षांचा, जेमतेम एकशे एकसष्ट सेंटिमीटर उंचीचा, ड्युइसबुर्गच्या क्रीडाप्रशाळेत शिकवणारा एक प्रशिक्षक, एवढीच त्याची ओळख.

परंतु क्रामर जपानला जाण्याआधी जपानी खेळाडूच क्रामर यांच्याकडे गेले होते, आणि आमच्या मते या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची घटना तीच आहे. १९६० च्या उन्हाळ्यात जपानचा संघ युरोपच्या दौऱ्यावर असताना ड्युइसबुर्गच्या प्रशाळेत उतरला. जपानात त्या काळी शाळा-महाविद्यालयांची मैदाने म्हणजे उघडी माती. पाऊस झाला की चिखल, ऊन पडले की धूळ. येथे मात्र एकाला लागून एक अशी हिरव्यागार गवताची मैदाने, शेजारी व्यायामशाळा, राहण्याची सोय, वैद्यकीय कक्ष. आणि हे सारे निवडक खेळाडूंसाठी राखीव नव्हे, तर सर्व वयाच्या लोकांसाठी, अपंगांसाठीसुद्धा. संघात वासेदा विद्यापीठाचा साबुरो कावाबुची नावाचा एक विद्यार्थी होता. ते गवत त्याच्या मनातून पुढे कधी गेले नाही, असे त्याने स्वतःच अनेकदा सांगितले आहे. त्याच्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर क्रामर जपानात आले. त्यांच्यासाठी हॉटेलाची व्यवस्था होती. ती नाकारून ते खेळाडूंबरोबर जपानी पद्धतीच्या खाणावळवजा विश्रामगृहात राहिले, चटईवर झोपले, काड्यांनी जेवले. याची जपानी लोकांनी फार मोठी आठवण ठेवली आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. आम्हाला त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट वाटते ती त्यांच्या शिकवण्याची. राष्ट्रीय संघातल्या प्रौढ खेळाडूंना त्यांनी पायाच्या आतल्या बाजूने चेंडू ढकलणे, तो अडवणे, तो पायावर तोलणे असे अगदी बाळबोध धडे गिरवायला लावले. खेळाडू कुरकुरले. एम.ए.च्या वर्गात बाराखडी काढायला सांगितली तर काय होईल, याची कल्पना आम्ही करू शकतो! पण क्रामर स्वतः प्रत्येक गोष्ट करून दाखवत, आणि करून दाखवताना चूक होत नसे, त्यामुळे कुरकुर फार टिकली नाही. त्यांचे दुभाषी आणि सहायक होते शुनइचिरो ओकानो. १९६२ च्या अखेरीस संघाची सूत्रे केन नागानुमा या तरुणाकडे आणि ओकानोंकडे सोपवण्यात आली. क्रामर मागे उभे राहिले. म्हणजे शिकवणारा आपल्या जागी दुसऱ्याला उभे करत होता, आणि तेही ऑलिंपिकला दोन वर्षे शिल्लक असताना.

निकाल लगेच बदलले नाहीत. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत जपानला भारताने २-० असे हरवले. ती स्पर्धा रहीम साहेबांच्या संघाने पुढे जिंकली हे आपल्याकडे सर्वश्रुत आहे. टोकियोत मात्र १९६४ च्या ऑक्टोबरात जपानने अर्जेंटिनाला ३-२ असे नमवले. एक गोल कावाबुचीचा होता. घानाकडून त्याच फरकाने हार, मग उपान्त्यपूर्व फेरीत चेकोस्लोव्हाकियाकडून चार गोलांनी पराभव. तरीही अब्रू राहिली होती, किंबहुना वाढली होती. कोणत्याही संघटनेने अशा वेळी पाहुण्याला हार घालून निरोप दिला असता, आणि पाहुण्यानेही तो घेतला असता.

क्रामर यांनी जाताना पाच सूचना केल्या. देशाने अधिकाधिक आंतरराष्ट्रीय सामने खेळावेत. शालेय पातळीपासून राष्ट्रीय संघापर्यंत प्रत्येक पातळीवर दोन प्रशिक्षक असावेत. प्रशिक्षकांना प्रशिक्षण देणारी व्यवस्था उभारावी. बाद पद्धतीऐवजी साखळी स्पर्धा सुरू करावी. आणि गवताची मैदाने तयार करावीत. ही यादी वाचकाला नीरस वाटेल. तिच्यात डावपेच नाहीत, व्यूहरचना नाही, गुणवान मुलांचा शोध घेण्याची जादू नाही. पण ती नीट पाहिली तर तिच्यातला विचार लक्षात येतो. जपानी फुटबॉल हा मूलतः शाळांचा खेळ होता. मुलगा शाळेच्या संघात तीन वर्षे खेळे, हिवाळ्यातल्या राष्ट्रीय शालेय स्पर्धेचे स्वप्न पाही, आणि शाळा संपली की बहुधा त्याचा खेळही संपे. ती स्पर्धा बाद पद्धतीची. बाद पद्धतीचे गणित निर्दय असते : पहिल्याच दिवशी निम्मे संघ घरी जातात. ज्यांना सामन्यांची सर्वाधिक गरज, त्यांनाच सर्वांत कमी सामने मिळतात. आणि हरलो की संपले या धास्तीने प्रशिक्षक मुलांना नवे काही करूच देत नाही, चेंडू लांब भिरकावून मोकळे व्हायला सांगतो. साखळी स्पर्धेत हरलेल्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा खेळायचे असते. सामना संपल्याची शिटी म्हणजे पुढच्या सामन्याच्या तयारीची सुरुवात, असे क्रामर खेळाडूंना सांगत असत. त्या वाक्याला अर्थ यायचा तर पुढचा सामना असायला हवा!

चौथी सूचना सर्वांत लवकर अमलात आली. १९६५ च्या जूनमध्ये आठ संघांची जपान सॉकर लीग सुरू झाली. संघ कंपन्यांचे : फुरुकावा इलेक्ट्रिक, मित्सुबिशी, हिताची, यानमार, हिरोशिमाचा तोयो कोग्यो इत्यादी. खेळाडू म्हणजे त्या कंपन्यांचे नोकरदार. टाटा, मफतलाल, महिंद्र यांचे संघ पाहिलेल्या मुंबईकर वाचकांना ही व्यवस्था मुळीच अनोळखी वाटणार नाही. तीन वर्षांनी, १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये, जपानने यजमान मेक्सिकोला अझ्टेक मैदानावर २-० असे हरवून कांस्यपदक मिळवले. दोन्ही गोल कुनिशिगे कामामोतोचे, दोन्ही र्‍युइची सुगियामाच्या पासवरून. कामामोतो सात गोलांसह स्पर्धेत सर्वप्रथम होता.

लोकप्रिय इतिहास येथे थांबतो : पाहुणा आला, आठ वर्षांत पदक आले. आम्हाला हे कथन अपुरेच नव्हे, तर दिशाभूल करणारे वाटते. कारण त्यानंतर जपान ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये परतला तो थेट १९९६ साली, आणि विश्वचषकात प्रथम पोहोचला १९९८ साली. मधली अठ्ठावीस वर्षे काय झाले? मेक्सिकोतला संघ हा साधारण तेच वीस-पंचवीस खेळाडू सतत एकत्र ठेवून, परदेश दौरे घडवून तयार केलेला होता. एका पिढीवर सारी मशागत झाली, आणि तिच्यामागून येणाऱ्यांसाठी मैदाने मातीचीच राहिली. १९६९ मध्ये कामामोतोला काविळीने गाठले आणि विश्वचषकाच्या पात्रता फेरीत त्याच्यावाचून संघ किती उघडा पडतो ते दिसले. पदकामुळे पाच सूचनांची निकड कोणाला वाटेनाशी झाली, असेही म्हणावेसे वाटते. पदक हे फळ समजले गेले. वस्तुतः ती कलमाला अकाली धरलेली एक कैरी होती.

याच काळात घडलेली एक गोष्ट भारतीय वाचकाला चटका लावणारी आहे. क्रामर तोवर आंतरराष्ट्रीय महासंघाचे, म्हणजे फिफाचे, प्रशिक्षक झाले होते. १९६९ मध्ये चिबाजवळच्या केमिगावा येथे त्यांनी आशियाई प्रशिक्षकांसाठी तीन महिन्यांचा वर्ग चालवला. तिसरी सूचना आता एका देशापुरती न राहता खंडापर्यंत गेली होती. त्या वर्गात भारताचे प्रदीपकुमार बॅनर्जी होते, जाकार्तात जपानला हरवणाऱ्या संघातले पी. के. पुढच्याच वर्षी, १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत, ते जी. एम. एच. बाशा यांच्यासह भारतीय संघाचे प्रशिक्षक होते, आणि कांस्यपदकाच्या सामन्यात भारताने जपानला १-० असे हरवले. गुरू एकच, वर्ग जपानच्या भूमीवर, आणि पराभूत जपान! आशियाई स्पर्धेतले भारताचे पुरुष फुटबॉलमधले ते आजवरचे शेवटचे पदक.

पी. के. उत्तम प्रशिक्षक होते, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोन्ही संघांना त्यांनी जे दिले, ते कोलकात्यात आजही सांगितले जाते. पण केमिगावाहून त्यांनी आणलेली विद्या क्लबांच्या चढाओढीत खर्ची पडली. ती शाळांपर्यंत, जिल्ह्यांपर्यंत नेणारी नळी आपल्याकडे नव्हती. राष्ट्रीय साखळी स्पर्धाच आपण १९९६ मध्ये सुरू केली, जपानच्या एकतीस वर्षांनंतर. पुढे २०११ मध्ये हॉलंडचे रॉब बान आपले तांत्रिक संचालक झाले आणि २०१३ मध्ये गेलेही. तांत्रिक येतात, जातात.

मग जपानात फरक कशाने पडला? क्रामर यांचे विद्यार्थी कारभारी झाले, याने. नागानुमा, ओकानो आणि कावाबुची हे तिघेही ओळीने जपानी फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष झाले : १९९४ पासून २००८ पर्यंत. त्याआधी १९९३ च्या मे महिन्यात दहा क्लबांची व्यावसायिक जे-लीग सुरू झाली, तिचे पहिले अध्यक्ष कावाबुची. कंपन्यांची नावे क्लबांना लावायची नाहीत, क्लब गावाचा असला पाहिजे, आणि प्रत्येक क्लबाने लहान वयोगटांचे संघ चालवले पाहिजेत, हे आग्रह त्यांनी धरले. १९९६ मध्ये जे-लीगने आपली ‘शंभर वर्षांची संकल्पना’ जाहीर केली. तिच्यात पहिला मान कोणत्या गोष्टीला होता? गावोगावी हिरव्या गवताची मैदाने! ड्युइसबुर्गला पाहिलेले गवत छत्तीस वर्षांनी धोरणात उतरले.

अर्थात याचे सारे श्रेय एका जर्मन माणसाच्या पदरात घालणे हाही एक भाबडेपणाच होईल. ऐंशीच्या दशकातल्या सुबत्तेवाचून जे-लीग उभी राहिली नसती. १९८१ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या योइची ताकाहाशींच्या ‘कॅप्टन त्सुबासा’ या चित्रकथेने जितकी मुले चेंडूकडे वळवली, तितकी कोणत्याही अहवालाने वळवली नसतील. साहित्याच्या अध्यापकांना हे नोंदवताना थोडा आनंदही होतो. नंतर झिको आले, हान्स ओफ्ट आले. १९९९ च्या नायजेरियातल्या जागतिक युवक स्पर्धेत फिलिप त्रूसिये यांच्या हाताखाली जपान अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि स्पेनकडून चार गोलांनी हरला. हे सारे परके जे करू शकले, ते पोहोचले तेव्हा मैदान आणि मुले दोन्ही तयार होती म्हणून. क्रामर आले तेव्हा दोन्ही नव्हती, आणि ती का नाहीत हे त्यांनी कागदावर लिहून दिले.

या पाच सूचनांपैकी साखळी स्पर्धेची सूचना शाळकरी मुलांपर्यंत पोहोचायला सर्वांत जास्त वेळ लागला. हिवाळ्यातली बाद स्पर्धा लोकांच्या भावनेचा विषय. तिला हात लावणे सोपे नव्हते, आणि ती आजही चालू आहे. पण अठरा वर्षांखालील मुलांसाठी विभागवार प्रिन्स लीग २००३ मध्ये सुरू झाली, आणि शाळांचे संघ व क्लबांचे युवक संघ यांना एकाच साखळीत वर्षभर खेळवणारी प्रीमियर लीग २०११ मध्ये. क्रामर त्या वर्षी शहाऐंशी वर्षांचे होते. आणखी चार वर्षांनी, सप्टेंबर २०१५ मध्ये, बव्हेरियातल्या राइट इम विंकल या गावी ते वारले.